तापाला तीन दिवस

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

मोरीत पितळी तांब्या पडल्याचा आवाज. आधी ठण्ण, मग फरशीवर गोलगोल घरंगळणं, मग उंबऱ्याला अडून गप्प. आवाज एकोणऐंशी सालचा आहे, पण आज सकाळी दात घासताना जसाच्या तसा कानात आला. त्या दिवशी मी बडनेऱ्याच्या शाळेत निघालो होतो. सायकलला हात लावून ओरडलो, "काय झालं गं?" आतून माझी बायको गोदावरी म्हणाली, "काही नाही, हात निसटला." मी गेलो. तपासणी होती, तिसरीच्या वर्गाकडून कविता तालात म्हणवून घ्यायची होती. संध्याकाळी आलो तर घराला कुलूप. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या नर्सबाईनं, आयशाबीनं, तिला सरकारी दवाखान्यात नेलेलं. मोरीत पाय घसरला, अशक्तपणा आला, असं मला सांगण्यात आलं. पंधरा दिवस अंथरुणाला होती बिचारी.

आठवायचं कारण एवढंच, की आजही मी एका बंद दाराशी उभा राहून "काय झालं?" विचारलं आणि आतून "काही नाही, आजोबा" असं उत्तर आलं.

माझी नात जुईली काल अकोल्याहून आली. सुरतेच्या आईबापांपेक्षा ती माझीच जास्त, दहावीपर्यंत याच घरात वाढली. नातजावई अद्वैत महिनाभर प्रशिक्षणाला नागपुरात आहे. "पंधरा दिवस इथूनच ऑफिसचं काम करते," म्हणाली. तोंड उतरलेलं. मी चहा टाकला, तर बॅग ठेवून ती आधी शेजारी आयशाबीकडे गेली. तास गेला, चहावर साय धरली.

आज सकाळपासून आयशाबी तिच्या खोलीत आहे आणि दार लावलेलं आहे. मला काम काय, तर गरम पाण्याची पिशवी भरून दाराशी ठेवायची. चार वेळा भरली. पाचव्या वेळी आयशाबीनं फटीतून हात काढला, पिशवी घेतली, "शुक्रिया मास्तर," म्हणाली आणि फट बंद.

माझंच घर.

१० फेब्रुवारी, सोमवार

जुईलीनं सांगितलं. स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, कांदा चिरता चिरता.

"आजोबा, दिवस गेले होते. साडेसहा आठवडे. आम्हाला आत्ता नको होतं, दोघांनी बसून ठरवलं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, शुक्रवारी त्यांच्यासमोर पहिली गोळी घेतली. दुसऱ्या गोळ्या काल इथे. जवळ कळणारं माणूस हवं आणि दवाखाना हाकेवर हवा, असं त्या म्हणाल्या. म्हणून आले."

"सासूबाईंना?"

"नाही सांगितलं. अद्वैत म्हणाला, तुला वाटेल तेव्हा सांग. सही माझी एकटीचीच लागते."

मी म्हणालो, "बरं केलंस सांगितलंस." खरंच वाईट वाटलं नाही. तिचं आयुष्य आहे, ती एकोणतीस वर्षांची आहे. वाईट वाटलं ते "कळणारं माणूस" या दोन शब्दांचं. ती आली ती माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारणीकडे. माझं घर म्हणजे वेटिंग रूम.

आणि तिला "खाला", म्हणजे मावशी, म्हणते. केव्हापासून?

११ फेब्रुवारी, मंगळवार

आयशाबीनं एक कागद आणून दिला. वहीचं फाडलेलं पान, कडा कुरतडलेल्या. बाळंतखोलीत तीस-बत्तीस वर्षं काढली बाईनं, पण अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग चुकलेली. तरी उतरवून ठेवतो:

"रगत दोन हप्ते थोडं थोडं जाईन, भ्यायचं नाही. तासाले दोन मोठे पॅड पुरे भिजले आन् असं सलग दोन तास झालं तर दवाखाना. ताप १००.४ च्या वर, २४ तास राहिला तर दवाखाना. खराब वास, चक्कर, गोळीनं न थांबनारं पोट, तर दवाखाना. रोज आंघोळ. सगळं खायाचं. नवऱ्याजवळ रगत थांबेपर्यंत नाही. पंधराव्या दिवशी डॉक्टरकडं दाखवायचंच, बरं वाटलं तरी."

असला कागद फ्रिजवर लावायचा? माझ्या घरात? पोरगी आजारी असताना तिच्या डोळ्यांना काही लय नको? चाळीस वर्षं मी पोरांना पाढे, नद्या, व्याकरणाचे नियम पद्यात बांधून दिले, कारण पद्य विसरत नाही. दुपारभर बसून अष्टाक्षरी केली:

तासामाजी दोन घड्या
भिजल्या गं दोन तास,
नको पाहू वाट बाळे,
गाठ दवाखाना खास.

ताप चढे, तीन दिन
उतरेना, अंग क्षीण,
वास येई, पोट दुखे,
मग गाठ डॉक्टरीण.

तापाच्या ओळीत आधी "एक दिन" लिहिलं होतं. कानाला ओकंबोकं लागलं. "तीन दिन, क्षीण, डॉक्टरीण" यात नाद घुमतो. शिवाय आमच्या घरी तापाला तीन दिवस द्यायचे, ही गोदावरीचीच रीत होती. तिसऱ्या दिवशी उतरला तर उतरला, नाहीतर डॉक्टर. कवीला एवढी सूट असते.

जुईली वाचून खळखळून हसली. आल्यापासून पहिल्यांदा. "घड्या! आजोबा, पॅड म्हणा ना." स्वतःच्या हातानं तिनं ती फ्रिजवर लावली. आयशाबीचा कागद मी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. फेकला नाही, ठेवला.

आयशाबीला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि तो घरी राहिलेला. लांबूनच म्हणाली, "वा मास्तर! शायरी झाली म्हना की." मी म्हणालो, "तुमचंच आहे, फक्त जरा सुधारून."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल आयशाबीनं मटणाचा शोरबा पाठवला. जुईलीनं वाटी चाटूनपुसून खाल्ली. मी केलेला शिरा, वरुडच्या संत्र्याचा रस घालून, तिनं दोन चमचे खाल्ला आणि म्हणाली, "गोड जात नाहीये हो." शोरबा जातो.

आज मी तिला म्हणालो, अशा दिवसांत डोक्यावरून पाणी घेऊ नये. आयशाबी तिथंच बसली होती.

"काहून घेऊ नये? केसातून जीव जाते का? अजी मास्तर, बाई आंघोळीनं नाही मरत. घान राहून मरते."

मग जुईलीनं तिला विचारलं, माझ्यासमोर, की पुढे मूल व्हायला काही अडचण येईल का. आयशाबी म्हणाली, "नीट झालं, पुरं झालं, तं काही नाही होत बेटा. उलट दोन हप्त्यांतच परत दिवस जाऊ शकते. म्हनून त्या डॉक्टरले पंधराव्या दिवशीच विचारून घेजो, पुढं काय वापरायचं ते." मी पेपर घेऊन ओट्यावर गेलो. तिथूनही दोघींचं हसणं ऐकू येत होतं. काय हसत होत्या कोण जाणे. पेपरची एकच बातमी तीनदा वाचली.

मी कधी कोणाला इतकं हसवलं होतं? दहावीच्या निरोप समारंभाला मी तिच्यासाठी बारा कडव्यांची कविता केली होती. ती सहाव्या कडव्याला झोपली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते लिहू की नको. लिहितो.

जुईली झोपली होती. आयशाबी कुंपणाशी आली आणि पोरीचं रक्त कमी झालं का, ताप घेतला का, पोट दाबून पाहिलं का, असं मला हजेरीसारखं विचारायला लागली. मी म्हणालो, "आयशाबी, माझ्या घरातली गोष्ट आहे. आधी मला कळायला हवी होती, मग तुम्हाला. सगळं उलटं चाललंय."

तिनं ओढणीनं चष्मा पुसला.

"मास्तर, तुमच्या घरातली गोष्ट तुमाले एकोनऐंशीतही नवती कळली."

"म्हणजे?"

"गोदाभाभी मोरीत घसरली नवती. तिसऱ्यांदा दिवस गेले होते. तुमाले बोलाची शरम, सरकारी दवाखान्यात जाची त्याऊन जास्त शरम. तवा कायदा झाला होता, मोफत होत होतं तिथं, तरी गेली एका सुईनीकडं. तिनं काडी घातली. चार दिवस भाभी तापात काम करत होती तुमच्या घरात. तांब्या हातातून सुटला तवा मी भिंतीपलीकडून आवाज ऐकला आन् धावत आली. पाच बाटल्या रगत चढवलं, मास्तर."

मी म्हणालो, "खोटं आहे."

"मराच्या आधल्या महिन्यात भाभी मले म्हने, आयशा, जमलं तं सांगजो त्याइले. मले नाही जमलं. आठ वर्सं झाले, मलेही नवतं जमून राहिलं. आज तुमी उलटंसुलटं बोलले, म्हनून निंघालं."

खरं सांगायचं तर रडू आलं नाही. गोदावरी मरता मरता वाचली, हे ऐकून माणसाला आधी काय वाटायला हवं? मला आधी वाटलं की पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षं ही बाई माझ्या बायकोचं असं काही जवळ बाळगून आहे जे माझ्याजवळ नाही. तो आवाज मी ऐकला आणि सायकल काढली. हिनं भिंतीपलीकडून ऐकला आणि धावली.

मी म्हणालो, "उद्यापासून येऊ नका."

"येत नाही," म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेजारी कुलूप. आयशाबी अकोल्याला, मुलीकडे, शाहीनकडे गेली. जुईलीला तिनं फोनवर सांगितलं की नातवंडांची आठवण आली. माझं नाव घेतलं नाही. हेही मला आवडलं नाही. मोठेपणा तिचाच.

आज सगळं मी केलं. वरण-भात, मेथी, ताक. जुईली चांगलं म्हणाली. संध्याकाळी मी तिला जुन्या वह्या दाखवल्या, ती उशीवर डोकं टेकून ऐकत होती. घर पुन्हा माझं वाटलं.

तिला सारखी थंडी वाजत होती. फेब्रुवारीत अमरावतीला संध्याकाळी गारवा असतोच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल सात वाजता थर्मामीटर लावला तेव्हा १००.६ होता. आज सकाळी १०१. मी तिला म्हणालो, डॉक्टरला फोन करू का. ती फ्रिजकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमच्या कवितेत तीन दिन आहे ना? आज तर पहिलाच. उगाच त्या बाईंना त्रास. ऑफिसची एक मीटिंग आहे, ती उरकते."

मला बरं वाटलं, कविता तिला पाठ झाली म्हणून. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण आज मला खरंच बरं वाटलं.

ताप उतरायची गोळी दिली. दुपारी उतरला. संध्याकाळी पुन्हा चढला. मी दार ढकललं तर ती कूस बदलून म्हणाली, "आत येऊ नका ना आजोबा." खोलीची खिडकी सताड उघडी होती, उदबत्ती लावलेली. मी म्हणालो, "देवाचं काही आहे का आज?" ती म्हणाली, "असंच."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अकरा. १०२.२. ती भिंत धरून बाथरूमला गेली आणि परत येताना तिथंच खाली बसली. मी धरायला गेलो तेव्हा तो वास मला आला. उदबत्तीच्या खालून. तेव्हा कळलं ती का लावली होती. ती मला सांगू शकत नव्हती. आयशाबीला सांगितलं असतं.

ड्रॉवर उघडला. कुरतडलेला कागद काढला. २४ तास. चाळीस तास होत आले होते.

फोन घाईत लावला, तो दोनदा दुधवाल्याला लागला. शेवटी आयशाबीनं उचलला. मी नमस्कारही केला नाही.

"किती वाजतापासून ताप हाय?"

"परवा संध्याकाळी सातपासून."

"परवा? आन् आता फोन करून राहिले? कोनं सांगतलं थांबाले?"

मी फ्रिजवरची कविता ओढून काढली.

"कोनं, मास्तर?"

"मी. कवितेत तीन दिवस लिहिले होते. तुमच्या कागदात चोवीस तास होते. मी बदलले."

मला वाटलं आता शिव्या देईल. ती म्हणाली, "ऑटो बोलवा. आत्ता. पोरीले चहा नको, खायाले नको, भूल द्याव लागन कदाचित. अकोल्याचे सगळे कागद घ्या, सोनोग्राफी घ्या, कोन्त्या गोळ्या कोन्त्या तारखेले घेतल्या ते सरळ सांगा डॉक्टरले, लपवू नका. मी निंघाली."

ऑटोत जुईलीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी काहीतरी म्हणत होतो, तिला धीर म्हणून, पण एकही ओळ आठवली नाही. एकही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ती वाचली. हे आधी लिहायला हवं होतं, पण काल ऑटोच्या पुढचं लिहवलं नाही.

थोडा भाग आत राहिला होता आणि त्यात जंतू शिरले. नळीनं ओढून स्वच्छ केलं, पंधरा मिनिटांचं काम. शिरेतून औषधं चालू आहेत. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं बरोबर करूनही शंभरात दोन-चारजणींचं असं राहतं, त्यात कोणाची चूक नाही. "म्हणूनच तर खुणा लिहून देतो आम्ही. आणखी एक दिवस थांबला असतात तर रक्तात पसरलं असतं." त्या मला धीर देत होत्या. त्यांना ठाऊक नव्हतं त्या कोणाशी बोलताहेत.

जुईलीला शुद्ध नीट आल्यावर मी सांगितलं. सगळं. ड्रॉवरचंही, कुंपणाशी झालेल्या भांडणाचंही. गोदावरीचं नाही, ते नंतर.

ती छताकडे बघत म्हणाली, "कवितेसाठी बदललंत, आजोबा?"

"नुसतं कवितेसाठी नाही."

"मग?"

"त्यांचा कागद माझ्या घरात लागू नये म्हणून."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. रागावली. रागवायलाच हवं. मग आयशाबी आली, बसच्या प्रवासानं चुरगाळलेली, आणि त्या पोरीचा हात भिंतीकडून आपोआप तिच्याकडे गेला. मी पायथ्याशी उभा होतो. एवढं सगळं झाल्यावरही माझ्या छातीत ते हललंच, ते काळं. इतकी मी स्वतःकडून अपेक्षा नव्हती केली, की ते जाईल. पण निदान आज तरी गप्प बसावं त्यानं.

व्हरांड्यात आयशाबीनं मला चहा आणून दिला. म्हणाली, "तुमी माह्यावर जळता, हे मले माईत हाय. भाभीलेही माईत होतं. आमी हसत होतो तुमाले."

"आणि तरी तुम्ही आलात?"

"पोरीसाठी आली. तुमच्यासाठी कायले येईन बाप्पा, तुमच्या कविता आयकाले?"

मी हसलो. मग तिथंच, लोकांसमोर, गोदावरीसाठी रडलो. शेहेचाळीस वर्षं उशिरा. आयशाबीनं कप माझ्या हातातून काढून घेतला, सांडेल म्हणून.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काल घरी आणली. ताप नाही. जुईली माझ्याशी कामापुरतं बोलते. आज सकाळी म्हणाली, "थर्मामीटर द्या," आणि मग, "थँक्यू." थँक्यू या शब्दात इतकं अंतर असतं हे माहीत नव्हतं.

अद्वैत कालपासून इथंच होता. आज त्याला नागपूरला परतावं लागलं. जाताना मला म्हणाला, "आईला मी अजून काही बोललो नाही. जुईली म्हणेल तेव्हा."

२४ फेब्रुवारी, सोमवार

घाईत लिहितो आहे, पाच मिनिटंच आहेत.

आत्ता साडेदहाला कडी वाजली. मला वाटलं आयशाबी, तिची ताप बघायची वेळ. उघडलं तर सुभद्राबाई. जुईलीच्या सासूबाई. अकोल्याहून एकट्या, हातात स्टीलचा डबा, पायात धुळीच्या चपला. या घरी त्या लग्नानंतर एकदाही आल्या नव्हत्या.

"सूनबाई कशी हाय?"

"बरी आहे. झोपली आहे."

"काय झालं होतं तिले?"

तोंडापर्यंत तेच शब्द आले होते, "काही नाही." ते मात्र मी म्हणालो नाही.

"पोराले इचारलं तं फोन ठेवते. तिले इचारलं तं 'बरी हाय आई.' मी का दगड हाव? आवाजावरून कळत नाही का मले? सक्काळच्या पहिल्या गाडीत बसली." त्या दारातच उभ्या, आत येईनात. डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरत होते. "तुमाले माईत हाय. दिसून राहिलं."

"सुभद्राबाई..."

"तुमचं बरं हाय, मास्तर. तुमच्याजवळ सांगते पोरगी. माह्या घरात राहते, माह्या हातचं खाते, आन् मलेच काहून सांगत नाही? मी का खाऊन टाकीन तिले?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्यावर जळलं. किती दिवसांची हौस होती ती. आणि समोर ती बाई डबा छातीशी धरून उभी होती, ओठ घट्ट मिटून, आणि मला ते बघवेना.

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणालो, "तिचं आहे, तीच सांगेल. सांगायचं असेल तर. आधी तिला विचारून येतो."

जुईली जागीच होती, तिनं आवाज ऐकला होता. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाच मिनिटं द्या. आणि आजोबा, तुम्ही आत नका येऊ."

"नाही येत," म्हणालो.